बेळगावात फोटो क्लब चालवायचाय? महिन्याच्या स्पर्धेपासून सुरू करा

क्लब काढायचा म्हटलं की आमच्याकडं पहिल्यांदा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, मग लोगो, मग टीशर्ट, आणि चार-सहा महिन्यांनी त्या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग आणि "जुनी लेन्स विकायची आहे, कुणाला पाहिजे काय" एवढंच उरतं. हौशी लोकांची कमी नाही हो, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक कुठंही बघा, बँकेत, शाळेत, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नोकरी करून रविवारी कॅमेरा बाहेर काढणारे ढीगभर सापडतील. पण ते टिकत नाहीत, कारण दर महिन्याला यायलाच पाहिजे असं काही ठरलेलं नसतं. माझं सरळ मत आहे, क्लब टिकतो तो महिन्याच्या छोट्या स्पर्धेवर आणि त्या दिवशी होणाऱ्या चर्चेवर. टूर, वर्कशॉप, प्रदर्शन हे सगळं नंतर. म्हणून खाली जे लिहितोय त्यात जास्त जागा त्यालाच दिलीय.

आधी माणसं आणि कागद

सुरुवातीला आठ-दहा जण पुरे. रजिस्ट्रेशनची घाई नको, पहिलं वर्ष तसंच चालवा, कोण खरंच येतंय ते कळू दे. पुढं स्पॉन्सर मिळाला, बँकेत खातं काढायचं झालं की संस्था नोंदवावी लागते, ती कर्नाटक सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट 1960 खाली, आणि त्याला किमान सात सभासद लागतात. अध्यक्ष कोण यावर भांडण्यापेक्षा खजिनदार कोण ते नीट ठरवा, चहाचे पैसे, प्रोजेक्टरचं भाडं, सगळं वहीत, आणि वही कुणीही मागितली तर दाखवायची.

वार आणि वेळ एकदाच ठरवायची, उदाहरणार्थ दुसरा रविवार, संध्याकाळी पाच, आणि मग पाऊस असो नाहीतर क्रिकेटची मॅच, बदलायची नाही. जागा म्हणून शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाची खोली मिळाली तर उत्तम, खिडक्यांना पडदे असले पाहिजेत एवढंच. वर्षाचं कॅलेंडर करताना गावाचं कॅलेंडर डोळ्यासमोर ठेवा. गणपतीत कुणी येणार नाही, निम्मी पोरं मंडळात असतात. 1 नोव्हेंबरला तर काहीच ठेवू नका, राज्योत्सव आणि काळा दिन एकाच दिवशी, गावाला दुसरं काम असतं. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर हॉटेलं फुल्ल, रस्त्यावर बंदोबस्त, बाहेरगावचा परीक्षक त्या आठवड्यात बोलवला की त्याला उतरवायचं कुठं हाच प्रश्न पडतो.

भाषेचं म्हणाल तर मीटिंगमध्ये जो जे बोलतो ते चालतं, एक जण मराठीत विचारतो दुसरा कन्नडात उत्तर देतो, आपल्याकडं त्यात नवीन काय आहे. नोटीस आणि नियम मात्र दोन्ही भाषांत लिहून काढा, "मला कळलंच नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही.

विषय असा द्या की घराबाहेर पडावं लागेल

"निसर्ग" किंवा "सौंदर्य" असले विषय देऊ नका. त्यावर लोक पाच वर्षांपूर्वीचा गोव्याचा सूर्यास्त पाठवतात आणि मोकळे होतात. विषय जितका आपल्या गावाचा आणि जितका नेमका तितकं बरं, आणि एक अट घाला की फोटो गेल्या दोन महिन्यांतलाच पाहिजे.

आपल्याकडं विषयांना तोटा नाही. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ, जुलैत खानापूर भागातली भाताची रोप लावण, गोकाकला पाणी भरून यायला लागतं तो काळ, मग गणपती, थंडीत ऊसतोड आणि गुऱ्हाळं, निपाणीकडं तंबाखू, खानापूरचे कुंभार आणि त्यांची भट्टी, रविवार पेठेत सकाळी उतरणारा माल, कॅम्पातला पावसातला रस्ता. वर्षाचे बारा विषय एका बैठकीत ठरतात की.

वडगाव-शहापूरच्या विणकरांचे माग हा विषय एकदा तरी ठेवाच, कारण त्यात शिकायला खूप आहे. आत उजेड कमी, एका बाजूला दारातून येणारा पांढरा प्रकाश, वर ट्यूबलाइट, आणि माग हलत असतो. ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी आपल्या 50 हर्ट्झच्या लाइनवर सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, त्यामुळं 1/500 वगैरे शटर लावलं की फोटोत आडवे पट्टे येतात नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा. 1/50 किंवा 1/100 वर या, पट्टे जातात. धोटा, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडं जाणारी नळी, पळताना दाखवायचा असेल तर 1/25 लावून खांबाला टेकून उभं राहा, मागाचं लाकूड आणि माणसाचं तोंड शार्प राहतं आणि धोट्याची रेघ दिसते. गणपती मिरवणुकीतल्या एलईडीच्या भिंतींवरही असेच पट्टे येतात, पण त्यांना हे 50 हर्ट्झचं गणित लागू पडेलच असं नाही, तिथं एकदोन शटर बदलून बघावी लागतात. आणि हो, आत जाण्याआधी मालकाला विचारायचं, मागावर बसलेल्या माणसालाही विचारायचं, दोघांना वेगवेगळं.

फोटो मागवायचे कसे

हा भाग कंटाळवाणा वाटतो पण निम्मी भांडणं इथं होतात. प्रत्येकी दोन फोटो, जास्त नको, तीन म्हटलं की तिसरा भरतीचाच असतो. जेपेग, कलर स्पेस एसआरजीबी, रुंदी जास्तीत जास्त 1920 पिक्सेल आणि उंची जास्तीत जास्त 1080. बऱ्याच मोठ्या सलॉनमध्येही, म्हणजे फोटोंच्या मोठ्या स्पर्धा-प्रदर्शनांत, हेच माप चालतं त्यामुळं सवय होते. उभा फोटो असेल तर त्याची उंची 1080 च्या आत पाहिजे, हे लोक विसरतात आणि मग स्क्रीनवर देवळाचा कळस कापला गेला म्हणून ओरडतात. ॲडोब आरजीबीत ठेवलेला फोटो प्रोजेक्टरवर मळकट दिसतो, तर सेव्ह करताना एकदा बघून घ्या.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेला घेऊ नका, तो दाबून बारीक होतो आणि कॅमेऱ्याची माहितीही निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा नाहीतर ड्राइव्हवर फोल्डर करा. फाइलवर नाव नको, वॉटरमार्क तर अजिबात नको. फोटो गोळा करणारा एकच माणूस ठेवा, त्यानं त्या महिन्यात स्पर्धेत उतरायचं नाही, तो प्रत्येक फाइलला नंबर देतो आणि नावाची यादी त्याच्याकडंच राहते. गाव लहान आहे हो, परीक्षकाला "हा आपल्या अमक्याचा पोरगा" एवढं कळलं तरी मार्क हलतात, मुद्दाम नाही, आपोआप.

मोबाइलचे फोटो वेगळ्या गटात ठेवावेत काय असं सगळे विचारतात. मी म्हणतो नको. 1920 पिक्सेलला चांगल्या उजेडातला मोबाइलचा फोटो कुठं कमी पडत नाही, आणि वेगळा गट केला की कॅमेरावाले उगाच स्वतःला सीनियर समजायला लागतात. गट करायचेच तर नवीन आणि जुने असे दोन करा, नवीन गटात तीनदा पहिला आला की वर ढकला.

परीक्षणाची संध्याकाळ

परीक्षक तीन पाहिजेत. एकच असला की त्याची आवड हाच निकाल होतो, दोन असले की टाय होतो. तिघांतला एक तरी बाहेरचा आणा, कोल्हापूर, हुबळी-धारवाड, गोवा सगळीकडून माणूस सकाळी निघून रात्री घरी परत जाऊ शकतो, हा बेळगावला राहण्याचा मोठा फायदा आहे. दर महिन्याला जमणार नाही, तेव्हा वर्षातून तीन-चार वेळा तरी. आणि तिघेही फोटोग्राफरच पाहिजेत असं काही नाही, एखादा चित्रकार किंवा ड्रॉइंगचे सर बसवा, ते लेन्सबद्दल बोलत नाहीत, उजेड आणि रचनेबद्दल बोलतात, आणि ऐकणाऱ्याला जास्त उपयोग होतो.

पद्धत साधी. पहिल्या फेरीत सगळे फोटो न बोलता, मार्क न देता, प्रत्येकी पाच-सात सेकंद दाखवायचे, म्हणजे परीक्षकाला आज एकूण माल कसा आहे ते कळतं. हे केलं नाही तर पहिल्या दहा फोटोंना कमी मार्क पडतात आणि शेवटी शेवटी हात सैल होतो. दुसऱ्या फेरीत 1 ते 5 पैकी मार्क, अर्धा मार्क नाही. दहापैकी ठेवलं की सगळे सहा आणि सात देऊन बसतात. तिघांची बेरीज 15 पैकी. वरचे आठ-दहा फोटो परत दाखवायचे आणि मग परीक्षकांनी सगळ्यांसमोर बोलून पहिले तीन ठरवायचे. बंद खोलीत निकाल ठरवून पाकीट फोडण्याची पद्धत आमच्याकडं फार आहे, क्लबमध्ये ती चालवू नका, कारण लोक बक्षिसासाठी येत नाहीत, आपला फोटो का पडला ते ऐकायला येतात.

आता बोलायचं कसं, कारण खरी अडचण इथंच आहे. "छान आहे, अजून प्रयत्न करा" यातून कुणाला काय कळणार? समजा मागावर बसलेल्या आजोबांचा फोटो आलाय, तोंडावर दारातला सुंदर उजेड, हात सुताला लागलेले, पण उजवीकडं वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट पांढरीफेक जळालीय. परीक्षकानं म्हणावं, "माझा डोळा पहिल्यांदा ट्यूबकडं जातो, मग आजोबांकडं. काढणारा दोन पावलं डावीकडं सरकला असता तर ती ट्यूब मागाच्या उभ्या लाकडाआड गेली असती, आणि दारातला उजेड तसाच राहिला असता." एवढं बोललं की तो माणूस पुढच्या रविवारी वडगावला परत जातो बघा. हात कापलाय, होरायझन वाकडा आहे, हे तर कुणीही सांगेल. काय केलं असतं तर जमलं असतं ते सांगणारा परीक्षक शोधा आणि त्याला धरून ठेवा.

काढणाऱ्यानं चर्चा चालू असताना गप्प बसायचं, हा नियम कडक ठेवा. "सर तिथं भिंत होती, जाताच येत नव्हतं" हे फोटोत दिसत नाही, त्यामुळं त्याला अर्थ नाही. सगळं संपल्यावर नाव सांगायचं आणि मग त्याला दोन मिनिटं बोलू द्यायचं.

बक्षीस मोठं नको. रोख रक्कम आली की रुसवेफुगवे आले. पहिल्या आलेल्या फोटोची चांगली प्रिंट करून द्या आणि सोबत अर्धा किलो कुंदा, तोही तिथंच उघडून सगळ्यांनी खायचा.

नियम आधी लिहा, भांडण झाल्यावर नाही

एडिटिंगला कुठवर मुभा ते फोटो यायच्या आधी ठरलेलं पाहिजे. क्रॉप, उजेड, कॉन्ट्रास्ट, ब्लॅक अँड व्हाइट, सेन्सरवरची धूळ काढणं हे सगळीकडं चालतं. ओपन गट ठेवलात तर त्यात त्यापुढंही मुभा द्या हवी तर, पण एआयनं बनवलेलं आकाश, एआयनं घातलेला पक्षी हे कुठंच नको, आणि निवडलेल्या फोटोंची रॉ किंवा मूळ फाइल मागायचा हक्क क्लबकडं राहील असं नियमात लिहा. मोबाइलवाल्यांकडून मूळ जेपेग. ही ओळ वाचून निम्मे लोक आपोआप सरळ वागतात.

निसर्गाचा वेगळा गट ठेवलात तर त्याचे नियम वेगळे आणि कडक असतात. आंतरराष्ट्रीय सलॉनमध्ये निसर्ग म्हणजे त्यात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, आणि माणसाच्या खुणा शक्यतो नकोत, वायरवर बसलेला खंड्या म्हणूनच मार खातो. आपण भीमगड अभयारण्याच्या दारात राहतो, जांबोटी-कणकुंबीचा पट्टा, घटप्रभेकाठचं धुपदाळ, हे सगळं हाताशी आहे, तर क्लबनं दोन गोष्टी सरळ बंद कराव्यात, घरट्याचे फोटो आणि रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावणं. पावसाळ्यात बेडूक-साप शोधत फिरणाऱ्यांनी ते उचलून "चांगल्या" पानावर बसवायचे नाहीत हेही लिहा, कारण हे होतं, सगळ्यांना माहीत आहे.

कॉपीराइटचं पण लिहून ठेवा. 1957 च्या कायद्यानं स्वतःच्या हौसेनं काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो. क्लबनं फक्त प्रदर्शन आणि क्लबच्या पानापुरती परवानगी घ्यावी. "पाठवलेले सर्व फोटो आयोजकांच्या मालकीचे" असली ओळ जिथं दिसेल त्या स्पर्धेत आपल्या सभासदांनी उतरू नये असं मी तरी सगळ्यांना सांगतो, मग बक्षीस केवढंही असू दे.

सहली

महिन्यातून एक सकाळ पुरे. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, नवीन लोकांना न्यायला चांगली, रट्ट राजांच्या काळातली, 1204 ची, आत काळ्या दगडाचं छताला उलटं लोंबणारं कमळ आहे. अशा जुन्या देवळांत ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तर पुजाऱ्यांना विचारून कॅमेरा पाठीवर झोपवा, खाली कापडाची घडी, दोन सेकंदाचा टायमर, आयएसओ कमी, शटर हळू, कमळ सरळ वर मधोमध मिळतं. खानापूर तालुक्यात हलशीला भूवराह नरसिंहाचं कदंबकालीन देऊळ आहे, तिथं सकाळी लवकर पोचलं तर बाहेरच्या दगडावर तिरका उजेड मिळतो.

किल्ल्यातून, कॅम्पातून फिरताना एक लक्षात ठेवा, तो भाग मिलिटरीचा आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर तिथंच. गेट, बॅरेक, जवान यांच्याकडं कॅमेरा करायचा नाही, जवानानं नको म्हटलं की वाद न घालता पुढं. ड्रोन तर काढूच नका, सांबऱ्याला विमानतळ आणि एअरफोर्स दोन्ही आहे, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवर नकाशा बघितल्याशिवाय कुठंच उडवायचा नाही.

धबधब्यांसाठी जुलै ते सप्टेंबर. गोकाकला घटप्रभा साधारण 52 मीटरवरून खाली येते, पण पूर आला की पाणी तांबडं असतं आणि तुषार लेन्सवर येतात, दर दोन फोटोंनी पुसावं लागतं. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर असेल तर अर्धा सेकंद पुरतो, त्याहून जास्त केलं की पाण्याचा जोर जाऊन कापूस दिसतो. खानापूरकडच्या धबधब्यांवर जायला पावसाळ्यात वनखातं बंदी घालतं, निघायच्या आधी चौकशी करा, वीस जण घेऊन गेटवरून परत येण्यात काय मजा नाही.

सौंदत्तीची यल्लम्माची जत्रा मात्र वेगळी तयारी मागते. भंडारा हवेत असतो, आणि तो इतका बारीक असतो की झूम लेन्स पुढं-मागं करताना हवेबरोबर आत ओढला जातो. तिथं लेन्स बदलायची नाही, पुढं फिल्टर पाहिजेच, आणि बॉडीवर पारदर्शक पिशवी घालून रबर लावा. घरी आल्यावर लगेच कापडानं पुसू नका, काचेवर चरे पडतात, आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग कापड. तिथल्या माणसांचे फोटो काढताना जरा जपून, कुणाच्या अंगात आलंय, कोण नवस फेडायलंय, सगळंच स्पर्धेत लावायचं नसतं. लहान मुलांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय क्लबमध्ये घेऊच नका.

आणि आपल्या पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत ठेवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि शेदोनशेला मिळणारं आर्द्रतेचं छोटं मीटर, काटा 40 ते 50 टक्क्यांत राहिला की बुरशी धरत नाही.

वर्षाची मोठी स्पर्धा आणि प्रदर्शन

बारा महिने चालवल्यावर एक खुली स्पर्धा घ्या, बाहेरच्यांनाही. 19 ऑगस्ट, जागतिक छायाचित्रण दिन, हा दिवस सगळे धरतात, 1839 मध्ये त्या दिवशी फ्रान्सनं डागेरोटाइप ही फोटो काढायची सुरुवातीची रीत जगाला खुली केली म्हणून. निकाल त्या दिवशी लावायचा तर फोटो जूनअखेरपर्यंत मागवावे लागतात.

पुढं हौस वाढली तर फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी आहे, तिच्याशी संलग्न होता येतं, आणि फियापसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मान्यतेनं सलॉनही भरवता येतं. बेंगळुरूची यूथ फोटोग्राफिक सोसायटी 1971 पासून हेच काम करतेय, त्यांचे सलॉनचे नियम वाचून काढा, अर्धं काम तिथंच होतं. पण घाई नको. ज्या क्लबला महिन्याची स्पर्धा वेळेवर घेता येत नाही त्यानं सलॉन भरवला तर कसा होतो ते आम्ही बघितलंय, एका ठिकाणी एंट्री फी घेऊन कॅटलॉगच आला नाही, अजून लोक वाट बघायलेत.

प्रदर्शनाला 12 बाय 18 इंचाची प्रिंट बरी दिसते आणि खिशाला झेपते. 300 डीपीआयला 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात, पण 200 ला, म्हणजे 2400 बाय 3600 ला सुद्धा चार फुटांवरून कुणाला फरक कळत नाही. कागद मॅट घ्या, आपल्या हॉलमध्ये वरून ट्यूबलाइट असतात, ग्लॉसीवर त्यांचीच प्रतिबिंबं बघत बसावं लागतं. सगळ्या प्रिंट एकाच लॅबमध्ये आणि एकाच दिवशी, आधी एक टेस्ट प्रिंट काढून. प्रिंट स्क्रीनपेक्षा थोडी काळपटच येते, त्या हिशोबानं उजेड वाढवून द्या. लावताना फोटोचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर सगळीकडं सारखा, दोरी ताणून. खाली चिठ्ठीवर नाव, गाव, कुठं काढला, बास. चिठ्ठीवर कविता नको.

उद्घाटनाला पुढारी बोलवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. बोलवलात तर दीपप्रज्वलनाच्या वेळी एक तास जाईल हे धरून चाला.

प्रदर्शन संपलं की त्याच संध्याकाळी प्रिंट उतरवून ज्याच्या त्याला द्या, नाहीतर त्या कुणाच्या तरी माळ्यावर वर्षभर पडून असतात. आणि ज्यांचे फोटो काढले, तो मागवाला, तो कुंभार, त्यांच्यासाठी छोटी प्रिंट वेगळी काढून नेऊन द्यायचं काम कुणा एकाच्या नावावर टाका, नुसतं "कुणीतरी देईल" म्हटलं की ते राहतंच.